बागेतल्या पोरीचा गाल

देवगाव फाट्यावर माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक पेंटर बसतात. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या; फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं. आता साठीत मोबाइलवर बघून ऑइल पेंटिंग शिकायलेत. बागेच्या एका चित्राची रंगीत प्रिंट माझ्याकडूनच नेली आणि चौकटी आखून नक्कल सुरू केली. झाडं झाली, बाकावरच्या दोन बाया झाल्या. अडलंय ते लहान पोरीच्या गालावर.

पाटीचा रंग संध्याकाळपर्यंत वाळतो, हा आठ-आठ दिवस ओलाच. तरी सवयीनं ते रोज सकाळी बोट लावून बघतात, ठसा उठतो, मग पुसून पुन्हा रंगवतात.

"लय घाई हाय मला," म्हणतात. "हात थरथरायलाय."

परवा ते चहाला गेले आणि मला राहवलं नाही. मी गालाला बोट लावलं. ओलाच होता.

परत आल्यावर ठशाकडे ते बराच वेळ बघत राहिले. "माझंच बोट लागलं असंल," हळूच म्हणाले. "आता ध्यानात बी ऱ्हाईना." आणि त्यांनी चिंधी उचलली.

मी काउंटरखाली बोट रुमालाला पुसत राहिलो. तो रंग लवकर निघत नाही.