जळक्या उतारावरची मोजणी

उन्हाळ्यात अग्रेल्या गावात भर दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या असतात, कुत्री पायऱ्यांखाली शिरलेली असतात आणि कॉफीच्या दुकानाचा मालकसुद्धा खुर्च्या भिंतीला टेकवून आत निजलेला असतो. ऊन लागतं हे तर आहेच, पण जुनी माणसं आणखीही काही सांगतात. दुपारी रस्ता आपला नसतो, म्हणतात. ज्यांचा असतो त्यांना वाट द्यावी आणि आपण मुकाट्याने घरात पडावं.

फुलपाखरं मात्र ऊन चढल्यावरच उडतात. त्यामुळे त्या वेळी गावाच्या वरच्या वाटेवर दोनच माणसं दिसत: फ्रोसो आणि तिच्या मागे तिचा नवरा थ्रासोस.

थ्रासोसने जन्मभर बंदरावर बोटीची तिकिटं फाडली. फ्रोसो घरी बसून गावाचे कपडे शिवायची. फुलपाखरांशी दोघांचाही संबंध नव्हता. एका वर्षी अथेन्सहून विद्यापीठाची मिर्सिनी नावाची मुलगी आली. उन्हाळाभर दर आठवड्याला ठरलेल्या एकाच वाटेने चालायचं आणि दिसतील ती फुलपाखरं मोजून कळवायची, असं काम करायला तिला माणसं हवी होती. फ्रोसोने हात वर केला. थ्रासोस पाण्याची बाटली धरायला म्हणून गेला, तो कायमचाच.

त्यांची पद्धत ठरलेली होती. फ्रोसो पुढे चालायची आणि नजर कधी खाली करायची नाही. थ्रासोस मागे चालायचा आणि नजर कधी वर करायचा नाही. ती नाव आणि आकडा सांगायची, तो लिहायचा.

"तू वर बघू नकोस," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तू बघत बसलास की लिहायचं राहील, आणि मी तुझ्या कागदात डोकावले की बघायचं राहील."

नावंही तिचीच होती. निळं ते निळू. दगडावर पंख मिटून बसणारं, दगडासारखंच दिसणारं ते खडकी. पाइनच्या दाट सावलीत बुंध्याला चिकटून राहणारं मोठं तपकिरी ते सावलीकर. मिर्सिनी बिचारी अथेन्समध्ये बसून त्या नावांपुढे पुस्तकातली नावं लिहायची.

मग आग लागली. वाटेवरच्या खळ्यापासून वरच्या देवळापर्यंतचा सगळा पाइनचा उतार एका दुपारीत गेला. पुढच्या उन्हाळ्यात दोघं त्याच वाटेने राखेतून चालली. फ्रोसो कितीतरी वेळ काहीच बोलत नसे, आणि मग म्हणे, "शून्य लिही. आळस करू नकोस. काही दिसलं नाही, हेही आपण बघितलंच आहे." तिचा खोकला त्याच वर्षी सुरू झाला. हिवाळ्यात ती गेली. चाळिसाव्या दिवशी देवळात उकडलेले गहू वाटताना थ्रासोसची बहीण कल्लिरोई म्हणाली, "आता त्या डोंगराचं खूळ पुरे."

थ्रासोस गहू वाटत राहिला. पण उन्हाळा लागला तसा कागद अडकवायची पाटी काखेत मारून तो निघाला. फ्रोसोने एकही उन्हाळा चुकवला नव्हता. आपल्यामुळे तो चुकू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

पहिल्या खेपेला त्याची तारांबळ उडाली. बघायचं म्हटलं की लिहायचं राही. दुसऱ्या खेपेला खळ्याच्या वळणावर तो मान खाली घालून कसलंसं नाव लिहीत होता, तेव्हा पुढून, चार पावलांवरून, स्वच्छ आवाज आला.

"खडकी, एक."

त्याने लिहिलं. इतकी वर्षं लिहिलं तसंच लिहिलं. एकाचा आकडा काढून झाल्यावर मग ते त्याच्या ध्यानात आलं. मान वर करायचं धाडस झालं नाही. आवाज फ्रोसोचा होता, खोकला लागण्याआधीचा.

ऊन डोक्यात गेलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढच्या आठवड्यात तो कान टवकारून गेला. आवाज आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला. हळूहळू भीती ओसरली आणि त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. मोजणीच्या दिवशी तो सकाळपासून घड्याळाकडे बघू लागला.

"अरे थ्रासो, दाढी केलीस? इस्त्रीचा शर्ट?" कल्लिरोई जिन्यावरून ओरडली. "डोंगरावर चाललास की लग्नाला?"

"घामाने कॉलर टोचते. हा शर्ट मऊ आहे."

"हो, हो. बकऱ्या काय म्हणतील नाहीतर!"

आता तो खळ्यापासून पुढे मान वर करतच नसे. कागद, पेन्सिल आणि स्वतःच्या बुटांची टोकं, एवढंच बघत चालायचा. पुढून नावं येत आणि तो लिहीत जाई. जुलै निम्मा झाला तेव्हा आवाज म्हणाला, "सावलीकर, चार."

त्याचा हात थबकला. सावलीकर सावलीशिवाय राहत नाही, एवढं त्यालाही माहीत होतं. इथे सावली कुठली? बुटांखाली राख चुरचुरत होती. तरी त्याने चारचा आकडा काढला.

"थांब जरा," आवाज म्हणाला. "बुंध्याआड आणखी एक आहे."

तो थांबला. मानेवरचं ऊन एकाएकी मऊ झालं. आभाळात ढगाचा टिपूस नव्हता, हे त्याने घरातून निघताना पाहिलं होतं. नाकाला राळेचा वास आला, ताज्या, उन्हात पाझरणाऱ्या राळेचा. आणि हातातल्या कागदावर उन्हाचे कवडसे पडले. वाऱ्याने पाइनच्या फांद्या हलल्या की खाली पडतात तसे बारीक, थरथरणारे. ते त्याच्या अक्षरांवरून सरकत गेले, त्याच्या अंगठ्यावर आले, पुन्हा मागे फिरले.

वर बघितलं तर काय दिसेल, हा विचार मनात आला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने मान आणखी खाली घातली.

"सावलीकर, पाच," आवाज म्हणाला. त्याने चार खोडून पाच केले.

महिन्याच्या शेवटी मिर्सिनीचा फोन आला. आता ती मुलगी राहिली नव्हती, मोठ्या हुद्द्यावर होती, पण थ्रासोसला काकाच म्हणायची.

"काका, तुमचे कागद मिळाले. मी दोनदा वाचले. सावलीकर? त्या उतारावर?"

"हं."

"एवढे आकडे तर आगीच्या आधी असायचे! काका, जळालेल्या डोंगरांवरून मला कुणीच असं काही पाठवलेलं नाही. तुमची खात्री आहे ना? आता विचारते त्याला कारण आहे. त्या उताराला कुंपण घालायचं की नाही, ते या महिन्यात ठरतंय. बकऱ्या कोवळी रोपं ठेवत नाहीत, म्हणून मी कुंपण मागितलं होतं. पण तुमचे आकडे पाहून वन खात्यातले म्हणताहेत, जंगल आपोआप सावरतंय, मग कुंपण कशाला? तेही बरोबरच आहे म्हणा. तुम्ही बघितलंत ना स्वतः?"

थ्रासोसने फोन दुसऱ्या कानाला लावला. नाही म्हणावं, तर ते कागद रद्द होणार आणि पुन्हा तसं लिहिता येणार नाही. आणि लिहायचं नसेल, तर फ्रोसोने सांगायचं कशाला? ती येणार नाही. हो म्हणावं, तर उतार बकऱ्यांच्या तोंडी जाणार, आणि तोही फ्रोसोच्या नावाच्या मोजणीवरून.

"बघितलं ते लिहिलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तोंडात राखेची चव आली.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागेना. कल्लिरोईने भरलेले टोमॅटो आणून समोर ठेवले आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"खा. नाहीतर काय झालं ते सांग. दोन्हीपैकी एक केल्याशिवाय मी हलत नाही."

त्याने काटा उचलला, खाली ठेवला. "कल्लिरोई, फ्रोसो कधी खोटं बोलली का गं?"

"ती? माझ्या लग्नाच्या झग्याचं माप घेताना सासूसमोर म्हणाली, कंबर आहे ती आहे, टेप काही आत ओढून धरणार नाही. आजतागायत विसरले नाही मी."

"मग ती सांगते ते खरंच असणार."

"सांगते?" कल्लिरोईने छातीवर क्रूस काढला. "कोण सांगते? कुठे?"

त्याने सगळं सांगितलं. खळं, आवाज, कागदावरचे कवडसे, मिर्सिनीचा फोन. सांगताना त्याला वाटत होतं, आता ही पाद्र्याला बोलावणार नाहीतर डॉक्टरला. कल्लिरोई खुर्ची ओढून बसली. बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली.

"तुला ओरडते का?"

"नाही. जशी बोलायची तशीच बोलते."

"बरं. मग ऐक. तिला जे दिसतं ते ती सांगत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते तिचं बघणं झालं. यंदाचं कुणी बघायचं? तुझे डोळे काय नुसते कागदाला चिकटवायला दिलेत का? आणि गधड्या, ती गेली रे. गेलेल्या बाईला अजून पुढे चालायला लावतोस, तेही असल्या उन्हात!"

एवढं बोलून ती रडायला लागली आणि रडता रडताच टोमॅटो त्याच्या पुढे सरकवले.

पुढच्या मोजणीला थ्रासोसने पाटी काखेत घेतली नाही. पिशवीत घातली, पिशवी पाठीला लावली आणि हात मोकळे ठेवून निघाला. खळ्याच्या वळणावर त्याने मान वर केली.

आग लागल्यापासून तो उतार त्याने असा सबंध कधी पाहिलाच नव्हता. दर आठवड्याला तो इथून चालला होता, पण त्याला ठाऊक होती ती बुटांपुरती राख. आता समोर सगळा डोंगर उघडा पडला होता. कापून नेलेल्या झाडांचे काळे खुंट थेट देवळापर्यंत पसरले होते. अधेमधे काट्यांची झुडपं, आणि कोवळ्या रोपांचे कुरतडलेले देठ. खाली गावात झाडांवरचे किरकिरणारे किडे कान किटवत होते, इथे एकही नव्हता. त्यांना बसायला झाड नव्हतं. एवढी शांतता त्याने आयुष्यात ऐकली नव्हती.

"सावलीकर, तीन," पुढून आवाज आला.

आवाज आला तिकडे त्याने डोळे भरून बघितलं. एक खुंट होता. खुंटावर ऊन होतं.

"नाही," तो म्हणाला.

"सावलीकर, तीन," आवाज पुन्हा म्हणाला, जरा लांबून. या वेळी सांगितल्यासारखा नव्हता, विचारल्यासारखा होता.

"नाही गं, फ्रोसो," थ्रासोस म्हणाला. जरा मोठ्यानेच. "झाडच नाही तिथे. जळून गेलं ते. तू होतीस तेव्हाच गेलं."

त्यानंतर आवाज आला नाही. तो वाट बघत उभा राहिला. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. एक बकरी खुंटावर चढून त्याच्याकडे बघून गेली. मग काट्याच्या फुलावर काहीतरी निळं उघडलं आणि मिटलं. त्याने नीट पाहून घेतलं. लक्षात राहावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "निळू, एक."

आणि त्याच्या पाठीमागे, चार पावलांवर, कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज झाला.

थ्रासोस जागच्या जागी थिजला. पाठीला लावलेली पिशवी बंद होती, बंद तो स्वतःच करून आला होता. मानेचे केस ताठ झाले. मागे वळायची इच्छा पायांपासून वर चढत होती. पण लिहिणाऱ्याचं काम त्याला ठाऊक होतं. लिहिणाऱ्याकडे कुणी वळून बघत बसत नाही, पुढच्याने पुढे चालायचं असतं. तो चालू लागला.

देवळाच्या निम्म्या वाटेवर त्याला पांढरं दिसलं. तो नाव बोलला, मागे पेन्सिल चालली. एका दगडाजवळ तो म्हणाला, "खडकी, एक," आणि मागून काहीच ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा निरखून पाहिलं. वाळकं पान होतं.

"चुकलं," तो म्हणाला. "पान आहे."

त्यानंतर दोन निळू, आणि अगदी वर, देवळाच्या भिंतीपाशी, खरीखुरी खडकी. या वेळी त्याने वाकून खात्री करून घेतली, मगच बोलला. पेन्सिल चालली आणि थांबली.

भिंतीच्या सावलीत बसून त्याने पिशवी उघडली. कागद कोरा होता, पेन्सिल पाटीच्या दोरीला बांधलेली होती तशीच होती. त्याने आठवून आठवून पाच फुलपाखरं लिहिली. उरलेल्या रकान्यांत शून्यं घातली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येण्याजोगं होतं.

घरी येऊन त्याने पाणीसुद्धा न पिता मिर्सिनीला फोन लावला.

"ते कागद फाडून टाक. खळ्यापासून वरचे सगळे. ते मी बघितलेलं नाही."

"काका! मग कुणी बघितलं?"

"ते यंदाचं नव्हतं. आजचं लिहून घे. पाच. बाकी बोडकं आहे. रोपं बकऱ्या खाताहेत, तेही लिही. आणि त्या लोकांना सांग, म्हातारा चुकला. माझं नाव घालून सांग, तिचं नको."

 मिर्सिनीने सुस्कारा सोडला. ती रागावली असेल, पण तसं बोलली नाही.

"मला आता सगळ्यांना पुन्हा लिहावं लागेल, काका. ते ऐकतील की नाही ते माहीत नाही. पुढच्या आठवड्यात जाल?"

"जाईन."

"एकटे नका जाऊ हो, या उन्हात. कुणाला तरी बरोबर घ्या."

थ्रासोसने खिडकीची झडप जरा उघडली. वर उतारावर ऊन अजून तसंच उभं होतं.

"लिहायला माणूस आहे. नावं आता मी सांगणार," तो म्हणाला.

मिर्सिनीला त्यातलं काही कळलं नाही. पाणी जास्त न्या, टोपी विसरू नका, असं दोनदा सांगून तिने फोन ठेवला.