चौथ्या गिअरमधली टकटक

बहारीनचं नाव काढलं की गावाकडची माणसं आधी सोन्याचा भाव विचारतात, मग उंटाचं. या गोष्टीत दोन्ही नाही. तेल आहे, पण विहिरीतलं नाही, गिअरबॉक्समधलं, लाल रंगाचं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या शर्टावर. एक जुनी अमेरिकन गाडीही आहे. दोन दारांची, लांब नाकाची, चालू केली की शेजारची झोपलेली बाळं उठवणारी. आता तुम्हाला वाटेल, हा पोरगा रेस लावणार, पोलीस मागं लागणार. तसलं काही नाही हो. मी ती सरळ रस्त्यावरून सरळ नेली आणि सरळ परत आणली. तरी व्हायचा तो गोंधळ झालाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोकणातल्या तालुक्याच्या गावात माझी शाळा झाली. शिकलो कमी, मास्तरांच्या नकलाच जास्त केल्या. मग आयटीआय करून बहारीनला आलो, सलमाबादच्या एका गॅरेजात. तिथले मिस्त्री रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान, माझ्या बापाच्या वयाचे. मी त्यांना चाचा म्हणायचो आणि ते मला मेल्या म्हणायचे.

चाचांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून बाहेरून पाठ होता, पण लायसन्स नव्हतं. टेस्टला गेले की शेजारच्या पोलिसालाच सांगायचे, तुझी गाडी झटका मारते, तेल बदल. पोलीस नापास करायचा. त्यात आमचा मालक, ज्याला आम्ही अरबाब म्हणायचो, तो गॅरेजवर कधी टपकेल याचा नेम नसे. म्हणून चाचा जागा सोडत नसत. ट्रायलला गाडी मी न्यायची आणि परत येऊन तिचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा.

"बोलू नको. वाजव," चाचा म्हणायचे.

मी वाजवायचो. घूंऽऽ, टुक्, घूंऽऽऽ. चाचा डोळे मिटून ऐकायचे आणि गाडीत काय बिघडलंय ते सांगायचे. आजूबाजूची पोरं हातातले पाने ठेवून बघायला यायची. शाळेत ज्याच्यासाठी छड्या खाल्ल्या त्याचाच इथं पगार मिळत होता.

ती लांब नाकाची गाडी जनाबियाच्या एका म्हाताऱ्या बहारीनी माणसाची. सगळे त्यांना हाजी म्हणायचे. तरुणपणी घेतलेली गाडी, तिच्यावर जीव. पण तिला तीनच गिअर. हायवेला लागलं की इंजिन जे बोंबलायला लागायचं ते पोचेपर्यंत बोंबलायचं. हाजींना चौथा गिअर हवा होता, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गाडी पळते तेवढीच पण इंजिन सावकाश फिरतं.

"बीबी बाजू में बैठके क्या बोलती, सुनाई नहीं देता," हाजी म्हणाले.

चाचा माझ्या कानात म्हणाले, "मग ह्यांची तक्रार काय हाय?"

चाचांचं मन मात्र गावाला होतं. रविवारी पोरीचा निकाह. गुरुवारी संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलेलं, लीव्ह मंजूर, पण पासपोर्ट अरबाबच्या कपाटात. अरबाबनं स्वच्छ सांगितलेलं, "गाडी जाएगा, पासपोर्ट आएगा. खलास." गाडी अडकली तर चाचा अडकणार, एवढा साधा हिशेब.

भंगारातल्या एका मोठ्या अमेरिकन गाडीचा चार गिअरचा बॉक्स आणला होता. चाचांनी तो सगळा खोलून नवीन प्लेटा घालून बसवला. जुन्यापेक्षा लांब निघाला. मग त्याच्याखालची आडवी पट्टी मागं सरकवून नवी भोकं पाडली, मागच्या चाकाकडं जाणारा शाफ्ट लेथवाल्याकडून कापून आखूड करून आणला. सगळ्यात नाजूक काम एका केबलचं. ती कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते, आणि तुम्ही पाय किती दाबलाय ते बॉक्सला सांगते. सैल राहिली तर आतल्या प्लेटा जळून जातात. मी आत बसून पाय दाबायचा, चाचा बॉनेटखाली.

"दाब. पुरा दाब. पाय हाय का काठी?"

"पुरा दाबलाय, चाचा!"

"मग सोड. आता परत दाब."

मंगळवारी दुपारी काम झालं. हाजी स्वतःच ट्रायलला बसले, माझ्या शेजारी. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे लोण्यासारखे पडले. हायवेला चौथा पडला आणि इंजिन एकदम गप्प. पंख्याचासुद्धा आवाज ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत, खालून उजवीकडून, टक्. टक्. टक्. वेग वाढवला की टकटक वाढायची. तिसऱ्यात आणलं की इंजिनच्या आवाजात काही कळायचं नाही. माझी नजर रस्त्यावर आणि काट्यावर.

गॅरेजवर आलो. हाजी टॅक्सीनं घरी गेले. चाचा हात पुसत पुढं आले.

"वाजव."

मी सगळा खेळ करून दाखवला. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत घरघर, मग चौथा, मग दबक्या आवाजात जिभेनं टक्, टक्, टक्टक्टक्. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चाचांचा चेहरा पडला.

"चौथ्यातच?"

"चौथ्यातच."

"स्पीड वाढवला की वाढतो?"

"वाढतो."

चाचा मडगार्डला टेकून बसले. "आत काय तरी सुटा झाला हाय," म्हणाले. बुधवार त्यांनी मनामाच्या बाजारासाठी ठेवला होता. पोरीसाठी घड्याळ, जावयाला अत्तर, पाहुण्यांना कापड. तो बुधवार गाडीखाली गेला. शाफ्ट काढला, केबल काढली, पट्टी काढली, गिअरबॉक्स उतरवला. लाल तेल परत माझ्या शर्टावर. चाचांनी एकेक भाग टेबलावर मांडला, बोटानं फिरवून बघितला, कानाला लावून बघितला. काही नाही. सगळं जिथल्या तिथं.

"परत वाजव."

मी परत वाजवलं. कणभर फरक नाही, माझी नक्कल पक्की असते. चाचांनी कपाळावर हात मारला, बॉक्स परत जोडला आणि आम्ही दोघांनी तो वर चढवला.

गुरुवारी सकाळी हाजी आले. या वेळी चाचा मागच्या सीटवर बसले, गुडघे हनुवटीला लावून. माझ्या तोंडावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. हायवे आला. चौथा पडला. शांतता. आणि टक्.

"ऐकलंत?" मी म्हणालो.

चाचांनी कान खाली सीटजवळ नेला. मग वर केला. मग हाजींच्या खांद्यावरून पुढं वाकून बघितलं, आणि तसेच वाकून राहिले.

हाजींचा उजवा हात सीट आणि दरवाजाच्या मध्ये. त्यात काळी तस्बी, जपाची माळ. ते एकेक मणी सोडत होते आणि प्रत्येक मणी दरवाजाच्या लोखंडाला लागत होता. गाडी जोरात गेली की हाजी घाबरायचे आणि मणी भराभर सोडायचे.

"हाजी," चाचा अगदी अदबीनं म्हणाले, "एक मिनिट तस्बी रोको."

हाजींनी हात थांबवला. टकटक थांबली.

"क्या हुआ? मुश्किल?"

"मफी मुश्किल," चाचा म्हणाले. "कुछ नहीं."

हाजींनी मुद्दाम दोन मणी सोडले, ऐकले आणि हसले. म्हणाले, एवढ्या वर्षांत या गाडीत तस्बीचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. चाचांचा हात धरून त्यांनी तो डोळ्यांना लावला. परतीच्या वाटेवर चाचा मागं बसून नखांतलं तेल खरवडत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी हाजी गाडी घेऊन गेले, अरबाबनं पासपोर्ट दिला, आणि मी चाचांना गॅरेजच्या पिकअपमधून विमानतळाकडं घेऊन निघालो. मागं त्यांची अर्धी रिकामी ट्रंक ब्रेक मारला की इकडून तिकडं जात होती. विमानतळाकडच्या पुलाच्या अलीकडं, सिग्नलला चाचांनी तोंड उघडलं.

"मेल्या, तुला गाडी ऐकायला धाडला होता का म्हाताऱ्याचे मणी?"

"चाचा, मी जसं ऐकलं तसं..."

"जसा ऐकला तसा! पोपट हायस? आवाज खयसून येतो तां मान वळवून बघायला काय पैसं पडत होतं? बाजूला येवढा मानूस बसलेला!"

"मोठ्या माणसाकडं कसं टक लावून..."

"गप. माझा बुधवार खाल्लास तू. पोरीला काय देऊ? ही नखं बघ. ह्या हातानं जावयाला मिठी मारू? सगळं पाहुणं विचारतील, बहारीनवरना काय आणलं, तर काय सांगू? टकटक आणली? हसतोस काय! समोर बघ, सिग्नल सुटला. आणि गिअर नीट टाक, मेल्या, पिकअपला ऑटोमॅटिक न्हाय!"