टेलरमामांचे काळे दोरे

राजूरच्या बाजारातले टेलरमामा जाडजूड चष्मा काढतात, सुई नाकाशी धरतात आणि एका फटक्यात दोरा ओवतात. वर मला, शेजारच्या चष्मेवाल्यालाच सुनावतात, “डोळं गेलं म्हनं माजं!”

संताप येतो. वजा सोळा नंबरवाल्याला जवळचं दिसणारच. फाटतोय तो डोळ्याच्या आतला पडदा! आठ दिवस मामा स्वच्छ कापडावरून नसलेले काळे दोरे झटकतायत, डाव्या डोळ्यात वीज चमकते म्हणतायत.

“मामा, आजच डोळे तपासून घ्या, नाहीतर तो डोळा जाईल!”

“लग्नाची कापडं हायेत. सोमवारी बघू.”

सोमवारी मामांना दवाखान्यात न्यायला गेलो. त्यांच्या डाव्या हाताला अगदी खेटून उभा राहिलो आणि हाक मारली. मामा उजवीकडच्या दाराकडे बघत म्हणाले, “आत ये की रं, भाईर का थांबलास?”