लक्ष्मीबाईंचं तूप

रविंद्र सरांना समजावून सांगायची भारी खोड. इंदापूरच्या कॉलेजात ते अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे, आणि तास संपला तरी हातातला खडू सुटायचा नाही. एसटीत शेजारी बसलेल्यालाही पेशी समजावल्याशिवाय त्यांची बारामती यायची नाही. याच खोडीनं त्यांचा घात केला.

त्यांच्या आठ वर्षांच्या दिशाला थॅलेसेमिया होता. अंगात तयार झालेलं रक्त टिकायचं नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी पुण्याला नेऊन बाहेरचं चढवावं लागे. त्या रक्तातलं लोह तिच्या हृदयात साठत चाललं होतं, आणि डॉक्टरांनी ते लपवलं नव्हतं.

सत्त्याण्णव साली लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात सरांना लेख सापडला. पिंपळीच्या घरी पोचल्या पोचल्या त्यांनी आईला, लक्ष्मीबाईंना, चुलीपुढंच गाठलं.

"आये, पोटातल्या बाळाचं रक्त निराळं असतं. ते करायचं जनुक, म्हंजी हुकूमच म्हण, दिशात धड हाय. पण जन्मल्यावर ते गाठोड्यागत आवळून बांधलं जातं."

"मग सोडायचं की!"

"तेच तर! जनुकांचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. त्यांना ॲसिटिलचं बारीक तुकडं चिकटलं की वेढा सैल होतो, हुकूम वाचता येतो. पण दुसरी प्रथिनं येऊन ते तुकडं काढून घेत्यात. मग परत आवळलं. आता ह्या काढणाऱ्यांचं हात धरणारं औषध घावलंय, ब्यूटिरेट. अमेरिकेत शिरेतनं देऊन बघत्यात." एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! "तुपातबी असतं ते, थोडंसं."

लक्ष्मीबाईंनी बाकी सगळं सोडलं आणि तूप तेवढं धरलं. दुसऱ्या दिवसापासून म्हशीचं दूध डेअरीला जायचं बंद झालं.

दिशाला तुपाचा वाससुद्धा सोसायचा नाही. रोज सकाळी आजी तिला मांडीत दाबून धरी, नाक चिमटीत पकडी आणि वाटी तोंडात रिकामी करी. पोर हातपाय झाडत रडायची. "पी गं माझे बाई, गाठोडं सुटंल," असं म्हणताना म्हातारीच्याही डोळ्यांना धार लागलेली असे.

"तुम्ही तरी सांगा ना त्यांना," दिशाची आई मोनाली एकदा नवऱ्याला म्हणाली. सरांना ठाऊक होतं, तूप पोटातच जिरतं, त्यानं जनुक उघडत नाही. पण ते बोलले नाहीत. एका महिन्यात हिमोग्लोबिन अर्ध्या ग्रॅमनं वाढलं, तेव्हा तो रिपोर्ट ते दिवसभर खिशात घेऊन हिंडले. पुढच्या महिन्यात ते पुन्हा उतरलं.

फेब्रुवारीत पुण्याच्या वॉर्डात, भरदुपारी, दिशाचं हृदय थांबलं.

दिशाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं पांगल्यावर लक्ष्मीबाई लेकाजवळ येऊन बसल्या.

"रवी, खरं सांग. मी कमी घातलं का रं? श्रावणात म्हस आजारी पडली हुती. आठ दिस तूप न्हवतं."

सरांना ते सोसवेना. "न्हाय आये. तुपानं ते उघडणारच नव्हतं."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"पुण्याला न्यायच्या दिवशीबी नाक दाबून पाजलं मी. शेवटाला मी जवळ आले की तोंड फिरवायची रं ती. मला का न्हाय सांगितलंस?"



"मलाबी वाटायचं, आये," ते म्हणाले, "एखाद्या वक्ती उघडंल."