रिकामी आलेली टोपली

मी सांगते आणि नात लिहून घेते. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. मराठी आमची घरातली, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहून स्वल्प कन्नड मिसळलेली. तेव्हा चुका काढू नका.

माझ्या टॅबवर शेताचा एक गेम आहे. नातीनं घालून दिला, चार वर्षं झाली. जमीन नांगरायची, पेरायचं, पाणी द्यायचं, कोंबड्या-गाई सांभाळायच्या. आमच्या घराण्यात शेत कुणी बघितलेलं नाही, पण मला तो गेम लागला. मी एकसष्टाव्या लेव्हलपर्यंत पोचले होते. पवनचक्की, तीन तळी, सात गाई. हेब्बाळला आमच्या इमारतीतली पोरं जाता-येता विचारायची, अज्जी, एवढं कसं केलंत? मी म्हणायची, तुमच्यासारखं मधेच सोडून जात नाही म्हणून.

कंपनीशी माझं पहिल्यापासून जमत नाही. गेम बनवला चांगला, पण हात स्वस्थ बसत नाहीत त्यांचे. आधी गाईचं दूध बोटानं खाली ओढून काढावं लागायचं. मला आवडायचं. ते काढलं आणि बटण दिलं. विहीर डावीकडे होती ती एके सकाळी उजवीकडे. राहत्या घरातली मोरी कुणी न विचारता हलवावी तसं वाटलं मला, आठवडाभर बोट चुकीच्या जागी जायचं. मग जाहिराती घातल्या. सगळं मी सोसलं. पण गेममधली टोपली बंद केली ते लागलं, आणि ते का लागलं ते सांगायला मागं जावं लागेल.

नवरा गेला तेव्हा मी एकतीसची. पदरात दोन मुलं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले. पत्रा सरकवायचा, पायानं पट्टी दाबायची, हात काढायचा. हात काढायला उशीर झाला की संपलं. माझ्या डाव्या तर्जनीचं टोक तिथंच राहिलं. वर्षभरानं धाकट्या जावेलाही मीच तिथं नेलं, कारण दिराच्या एकट्याच्या पगारात त्यांचं भागेना. मला दाराजवळचं मशीन मिळालं होतं. तिला मधलं मिळालं, चारी बाजूंनी आवाज. बोलणं ऐकूच यायचं नाही, म्हणून आम्ही बायका हातांनी बोलायचो. जेवायला चल, सुपरवायझर आला, आज घरी भांडण झालं, सगळं हातांनी. बावीस वर्षं अशी गेली. कारखाना बंद पडला तेव्हा मी घरी अगरबत्त्या वळायला लागले, आणि जावेचे कान गेले ते गेलेच. त्याबद्दल ती मला कधी एक शब्द बोलली नाही. मीही काढत नाही. पण तिला तिथं मी नेलं होतं.

आता ती मुलाकडे बोम्मसंद्र्याला असते. म्हणजे मी शहराच्या या टोकाला आणि ती त्या टोकाला. दोन वर्षांपूर्वी पडली, कंबरेचं हाड मोडलं, फारशी उठत नाही. फोनवर तिला ऐकू येत नाही. तोंड दिसणारा फोन करून बघितला. पण एका हातानं फोन धरायचा म्हटलं की बोलायला एकच हात उरतो, आणि आमची भाषा दोन हातांची. तेव्हा तिच्या सुनेला सांगून मी हाच गेम तिच्या फोनवर घालायला लावला.

त्यात शेजारच्या शेताला टोपली पाठवता यायची. तीन वस्तू मावायच्या. आम्ही दोघींनी एकदा समोरासमोर बसून ठरवून घेतलं. अंडी पाठवली म्हणजे मुलं घरी आलीत. दूध म्हणजे झोप लागली. भोपळा म्हणजे सुनेशी काही बिनसलंय. रोज सकाळी तिची टोपली यायची, बदल्यात मी माझी भरून धाडायची. आमच्यात शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामं भांडं आलं म्हणजे समजायचं, त्या घरानं तोडलं. तेव्हा घाईत असले तरी एक गाजर तरी घालायचीच मी.

आणि मागच्या हिवाळ्यात एका सकाळी टोपली रिकामी आली.

मी तीनदा उघडून बघितली. मग विचार करत बसले, काय चुकलं आपलं? त्या आधीच्या महिन्यात तिच्या नातवाचं बारसं झालं आणि गुडघ्यामुळे मी गेले नव्हते. साडी आणि अंगडं-टोपडं पाठवलं होतं, पण गेले नव्हते. म्हटलं, हेच. मग मलाही राग आला. एवढ्या वर्षांच्या सोबतीत एक बारसं चुकलं तर रिकामी टोपली? मीही काही पाठवलं नाही. आठ दिवस गप्प. गाईंना चारा घालायची आणि टॅब मिटवायची. मुलगा म्हणाला, आई, जेवत का नाहीस नीट? मी म्हटलं, जेवते की.

नवव्या दिवशी मी सकाळी अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलले, उसळ केली, डबा भरला आणि निघाले. मेजेस्टिकला बस बदलली. दोन्ही बसमध्ये कंडक्टरनं बायकांचं फुकटचं, शून्याचं तिकीट दिलं. एवढ्या लांब जायला शून्य आणि कारण एक टोपली, याचं मलाच हसू आलं. होसूर रोडला तिच्या घरी पोचेपर्यंत दुपार झाली.

जाऊ पलंगावर उशीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो बाजूला सारला. मग मी तिच्या समोर जाऊन दोन्ही हातांनी विचारलं, रिकामी का पाठवलीस?

ऐकू येत नसल्यामुळे ती मोठ्यानं बोलते. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "रिकामी आधी तुम्ही पाठवलीत, अक्का. बारशालाही नाही आलात. मी म्हटलं, आता मी पडून आहे, माझं काय काम कुणाला."

तिची सून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती आली, सासूचा फोन घेतला, इकडंतिकडं दाबलं, आणि एक इंग्रजी पत्र वाचून दाखवलं. कंपनीनं नवीन पद्धत काढली होती. आता तीस-तीस जणांचे ग्रुप, लेव्हल बघून केलेले. देणं-घेणं फक्त आपल्या ग्रुपात. बाहेर गेलेल्या सगळ्या टोपल्या कंपनीनं रिकाम्या करून ज्याच्या त्याला परत केल्या होत्या, म्हणजे आम्हा दोघींना आपापलीच टोपली रिकामी मिळाली होती. हे पत्र दोघींना आलं होतं. दोघींनी इंग्रजी बघून लाल फुली दाबली होती.

सुनेनं हे सगळं सासूला पाटीवर लिहून आणि हातवारे करून समजावलं. जावेनं पाटी हातात घेऊन पुन्हा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे भांडण कंपनीनं लावलं?"

मी हातांनी सांगितलं, लावलं कंपनीनं, केलं आपण.

ती हसली तेव्हा कंबर दुखून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डबा उघडला आणि उसळ नुसतीच चमच्यानं खाल्ली.

घरी येऊन मी नातीला कंपनीला तक्रार लिहायला लावली. उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आणि सोबत एक जांभळं कुंपण बक्षीस. मला कुंपण कशाला? मला तर कुंपण नको होतं. मुलगा म्हणाला, गेममधले हिरे विकत घेतले की काकूची लेव्हल एका दिवसात वर येईल, मी घेतो. मी नको म्हटलं. कंपनीनंच भिंत घालायची आणि कंपनीनंच दार विकायचं, हे सरी नाही, बरोबर नाही.

माझी लेव्हल एकसष्ट, तिची तेवीस. तिला वर यायला दोन वर्षं लागली असती आणि आमच्या वयात दोन वर्षं कुणी धरून चालत नाही. तेव्हा मी ठरवलं, आपणच खाली जायचं. नातीला म्हटलं, मला नवीन शेत उघडून दे. ती रडायच्या बेताला आली. अज्जी, पवनचक्की? तळी? मी म्हटलं, पहिल्यापासून सुरू करायची मला सवय आहे. नुसतं झाडांचे बुंधे आणि दगड असलेलं शेत मिळालं. एक कोंबडी. खरं सांगते, मला बरं वाटलं. मोठ्या शेतात नुसती देखरेख उरली होती, इथं काम होतं.

तिच्या ग्रुपात जायला वीस लेव्हल हवी होती. मला दोन महिने आणि वर काही दिवस लागले. आणि तेवढे दिवस तिला पुढं जायचं नव्हतं, कारण पंचवीस झाली की कंपनी वरच्या ग्रुपात टाकणार. म्हणून तिनं पीक कापणंच सोडलं. सगळ्या शेतात मका पिकून उभा. ती रोज फोन उघडायची, मक्याकडे बघायची, गाईंना चारा घालायची आणि बंद करायची. सून सांगत होती, शेजारच्या बाईनं एकदा कापायला बोट पुढं केलं तर सासूबाईंनी हातावर चापट मारली.

ज्या दिवशी मी विसावर पोचले, त्या दिवशी नातीनं मला तिच्या ग्रुपात घातलं आणि जावेला कळवलं. तिनं मका कापायला घेतला तो संपेपर्यंत मान वर केली नाही म्हणे. त्या एका कापणीनं ती पंचविसाच्या उंबऱ्याशी जाऊन थांबली, आणि मग मी तिला गाठेपर्यंत पुन्हा काही पेरलं नाही. आता आम्ही बरोबरीनं चढतो. ती एक, की मी एक.

मक्याला आमच्यात काही अर्थ ठरवलेला नाही, तो नुसता मका. पण तिचं कोठार भरून वाहतंय आणि कंपनी म्हणते, मोठं कोठार घ्या. ती घेत नाही. टोपलीत तीनच मावतात, तेव्हा रोज तीन कणसं मला येतात. मी ती कोंबड्यांना घालते. अजून दीडशेवर शिल्लक आहेत.