रुद्राप्पाचा खर्डा

शुक्रवार पेठेत रुद्राप्पाचा चटणी कांडायचा डंक होता, आणि रुद्राप्पाचा जगात कुणावरही विश्वास नव्हता. या दोन्ही गोष्टी सगळ्या पेठेला माहीत होत्या. उन्हाळा लागला की बायका मिरची, लसूण, खोबरं, भाजलेला कांदा डब्यात भरून त्याच्याकडे आणायच्या. पट्ट्यावर चालणारी लोखंडी मुसळं धाडधाड आदळायची, पत्र्याचं शेड लाल धुरळ्यानं भरून जायचं, आणि पदर नाकाला लावून बायका आपापल्या उखळावर नजर रोवून बसायच्या. कारण त्यांचाही रुद्राप्पावर विश्वास नव्हता. आपली झणझणीत संकेश्वरी मिरची जाऊन दुसरीची नुसती रंगाची ब्याडगी आपल्या डब्यात यायची, ही धास्ती. रुद्राप्पा मात्र तोंडाला फडकं न बांधता धुरळ्यात उभा असायचा आणि कुणी खोकलं की त्याच्याकडे टक लावून बघायचा. एवढ्या-तेवढ्याला खोकणारा माणूस त्याला नाटकी वाटे.

चटणी कांडून झाली की तो चिमूटभर जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "झाली." या एका शब्दासाठी पार राजारामपुरीतून बायका त्याच्याकडे यायच्या. तिखटाच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. माणूस पारखायचा असेल तर त्याला खर्डा वाढायचा आणि नाकाकडे बघायचं. डोळ्यांत पाणी कुणीही आणतं, मयतीला तर हुकमी आणतात. पण, तो सांगायचा, नाक खोटं वाहत न्हाय. याच नियमावर त्यानं एका भाडेकरूला खोली नाकारली होती. त्या माणसाचे डोळे भरले होते आणि नाक कोरडं होतं, म्हणजे तो पक्का लबाड, असा निकाल देऊन रुद्राप्पा मोकळा झाला होता.

पुढं पुढं, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला, त्याला जगात तिखटच उरलं नाही असं वाटायला लागलं. घरची चटणी फिक्की, खर्डा फिक्का, कच्ची मिरची चावली तर ती काकडीच्या नातेवाइकासारखी. आधी त्यानं बियाण्यावर संशय घेतला, मग खतावर, मग व्यापाऱ्यावर, आणि शेवटी फिरून फिरून तो बायकोवर आला. हिराबाई त्याच्या तब्येतीचा विचार करून गुपचूप ब्याडगी मिसळते, असं त्यानं ठरवून टाकलं. त्यात आणखी एक भानगड त्याच्या नजरेला पडली होती. चटणी घेऊन निघालेल्या बायका रस्त्यानं सरळ घरी न जाता बोळाला वळसा घालायच्या आणि डंकाला लागून असलेल्या त्याच्याच घराच्या मागल्या दारात उभ्या राहायच्या. डबा उघडला जायचा, हिराबाईचा हात आत जायचा, काहीतरी कुजबुज व्हायची. त्यानं खिडकीतून हे कितीदा तरी पाहिलं होतं. हिराबाई गिऱ्हाइकांकडून मूठ-मूठ चटणी उकळते, दुसरं काय! एकदा ती देवळात गेली असताना त्यानं स्वयंपाकघरातली सगळी भांडी उघडून बघितली. काहीच सापडलं नाही. मग माहेरी पोचवत असणार, असं म्हणून तो जास्तच सावध झाला.

या सगळ्या जगात त्याचा विश्वास होता तो एकटीवर, आपल्या लेकीवर. विद्याश्री खोटं बोलत नसे, लाडीगोडी लावत नसे आणि आजारीही पडत नसे. तिला गडहिंग्लजकडचं एक स्थळ आलं. मुलगा सोमशेखर, बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला. एका लग्नात तिनं त्याला पाहिलं होतं, आणि हा पसंत आहे असं आईला सरळ सांगितलं होतं. याआधी तिनं तीन स्थळं नाकारली होती, त्यामुळे हे जमावं म्हणून हिराबाईचा जीव टांगणीला लागला होता. रुद्राप्पालाही ते जमायला हवं होतं. पण पारखून.

"पोहे न्हाईत करायचे," त्यानं सांगितलं. "भाकरी न् खर्डा. आणि खर्डा मी करणार. तू चुलीजवळ यायचं न्हाय."

"करा की," हिराबाई म्हणाली. "निदान दही तरी लावू द्या."

तिनं दह्याचं नाव काढलं म्हणताच त्याचा संशय पक्का झाला. सकाळी तो स्वतः लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेला आणि बारीक लवंगी मिरची घेऊन आला. तव्यावर मिरच्या तडतडल्या तशी शेजारची दोन घरं खोकायला लागली. ‘मुद्दाम खोकत्यात,’ तो मनात म्हणाला. लसूण-मीठ घालून त्यानं खर्डा ठेचला, बोटावर घेऊन चाखला आणि कपाळाला आठ्या घातल्या. फिक्का! बाजारवालीनं पाण्यावर वाढवलेली मिरची गळ्यात मारली होती तर. तो पुन्हा बाजारात गेला, दुसरीकडून मिरच्या आणल्या, त्याही भाजून त्यात ठेचल्या. तरी फिक्काच. पाहुणे यायची वेळ झाली, मग त्यानं नाद सोडला आणि वाटी स्वतःच्या हातानं पाटाजवळ नेऊन ठेवली.

सोमशेखर मामाबरोबर आला. उंच, सावळा, कमी बोलणारा. रुद्राप्पा यजमान, म्हणून तो जेवायला बसला नाही, वाढायला उभा राहिला. त्यानं लिंबाएवढा एकेक गोळा दोघांच्या ताटात टाकला. मामानं बोटाचं टोक लावलं आणि आपला गोळा हळूच ताटाच्या कडेला सारला. रुद्राप्पानं ते लगेच टिपलं. सोमशेखरनं मात्र भाकरीला लावून घास घेतला, मग दुसरा. त्याचे कान लाल झाले, कपाळावर घाम आला, डोळे भरले. तिसऱ्या घासाला त्याला उचकी लागली. आणि मग नाक वाहायला लागलं. खिशातून रुमाल काढून त्यानं ते पुसलं आणि पुन्हा ताटाकडे हात नेला. सासऱ्यानं वाढलेलं ताटात टाकायचं नाही, एवढंच त्या बिचाऱ्याच्या डोक्यात होतं.

रुद्राप्पाच्या डोक्यात भलतंच चक्र फिरलं. नाक वाहतंय, म्हणजे जळतंय ते खरं. पण खर्डा तर फिक्का. मग जळतंय कशानं?

"पावणं, एक इचारू?" तो मामाला म्हणाला. "पोराला दुखणं काय हाय?"

मामाचा घास हातातच राहिला. "दुखणं? कसलं दुखणं?"

"पोटाचं म्हणा, तोंडाचं म्हणा. ह्यो खर्डा बारक्या पोरानं बी खावावा असला. त्यावर ह्या गड्याचं नाक वाहाय लागलं. म्हंजे आत जखम हाय. अल्सर हाय न्हवं? सांगून टाका. आमची पोरगी काय वाटंवर पडलेली न्हाय."

"फिक्का?" मामा उठूनच उभा राहिला. "आवो, मी नुसतं बोट लावलं तर कानातनं जाळ निघाला! घरात बोलवायचं, इस्तू चारायचा, न् वर रोगी ठरवायचं? ऊठ रं सोमशेखर. हितं सोयरीक न्हाय करायची."

"मामा, बसा की," सोमशेखर उचकी आवरत म्हणाला. "तिखट हाय, पर बरा लागतोय."

त्याचं ते बोलणं रुद्राप्पाला आणखीच लबाडीचं वाटलं. हिराबाई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मामा चपला शोधायला लागला होता.

तेवढ्यात विद्याश्री आतून आली. कुणाला काही न बोलता तिनं वाटीतला खर्डा घेतला, भाकरीच्या चतकोराला लावला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला. मग आणखी एक घास. तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. डोळ्यांतून धारा लागल्या. ओठ थरथरले, आणि नाक वाहून ओठावर आलं तरी तिनं ते पुसलं नाही, बापाला दिसू दिलं.

"आप्पा," ती म्हणाली, "मलाबी अल्सर हाय काय?"

रुद्राप्पानं तिच्या नाकाकडे बघितलं.

"आता तुम्ही खावा."

त्यानं वाटीतला उरलेला मोठा गोळा उचलून तोंडात घातला आणि चावला. मीठ लागलं. लसूण लागला. बाकी काही नाही. त्यानं जीभ टाळूला घासली, गालात फिरवली, वाट बघितली. तोंडात जणू कुणी नव्हतंच. लेक खोटं करणार नाही, म्हणजे खोट त्याच्या स्वतःच्या तोंडात होती. बियाणं, खत, व्यापारी, बाजारवाली, खोकणारे शेजारी, सगळी खरी होती. तो मनातून हादरला. डंकावर "झाली" म्हणणाऱ्या माणसाला चवच उरली नाही, हे पेठेला कळलं तर? आणि आत्ता "फिक्का" म्हटलं तर समोर लेकीचं लग्न मोडत होतं.

त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

"आयाया!" तो ओरडला आणि मटकन खाली बसला. "हाय हाय हाय! लई जाळ! पाणी आण, हिरे! पावणं, चुकलं माझं. मघाशी मी नुसतं बोट लावून बघितलो. पोरगं वाघ हाय वो तुमचं!"

तो हातानं तोंडाला वारा घालत होता, मांडी आपटत होता. मामा हातात चप्पल घेऊन त्याच्याकडे बारीक नजरेनं बघत उभा होता. हिराबाई दह्याची वाटी घेऊन लगबगीनं आली, त्याच्यासमोर वाकली आणि त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "नाक पुसा. कोरडं हाय तुमचं. मामा बघाय लागल्यात."

रुद्राप्पानं खांद्यावरच्या टॉवेलनं जोरजोरात नाक पुसलं. मामानं चप्पल खाली टाकली आणि हसत हसत पुन्हा पाटावर बसला. दुपारी चार वाजता साखर वाटली गेली.

पाहुणे गेल्यावर हिराबाई ताटं घासायला बसली. रुद्राप्पा तिच्या मागं जाऊन बराच वेळ घुटमळला.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"झाली की तीन-चार वर्सं. तुम्ही मिरची चावून पाणी न मागता उठला त्या दिवशीपास्नं."

"न् बायकास्नी?"

हिराबाईनं राखेचा हात तसाच ठेवून त्याच्याकडे बघितलं. "मागल्या दाराला काय कराय येत्यात असं वाटलं तुम्हाला? मीठ-तिखट बघून घ्याय येत्यात. ‘आप्पास्नी बोलू नगा, वाईट वाटंल, तुम्हीच चाखा’ म्हणत्यात."

रुद्राप्पाला आपली भारी लाज वाटली. तिची भांडी उचकलेली आठवली, माहेर काढलेलं आठवलं. त्यानं घासलेली ताटं एकेक करून उचलली आणि फळीवर पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी डंकावर गल्लीतल्या झुंबरबाईची चटणी कांडून झाली. नेहमीसारखी तिनं चिमूट पुढं केली. "आप्पा, बघा की जरा."

त्यानं ती जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "झाली," तो म्हणाला.

झुंबरबाईनं डबा काखेत मारला आणि रस्त्याकडे तोंड करून चालायला लागली, बोळाला वळसा घालायचा होता ना तिला.

"झुंबरबाई," रुद्राप्पानं मागून हाक मारली. "उन्हातनं वळसा कशाला घालताय? हितनं, घरातनंच जावा. हिरा चुलीपुढंच बसलीया."

झुंबरबाई थांबली, आणि तिनं त्याच्याकडे मोठ्या संशयानं बघितलं.