दादाची साक्ष

चर्चच्या बाजूच्या खोलीत रोज सकाळी क्षयाचे रोगी यायचे आणि मावशीच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायचे. तिचं खरं काम झाडलोटीचं. पण पाळकसाहेबांनी दवाखान्याशी बोलून गोळ्यांचा डबा तिच्या हवाली केला, तेव्हापासून ती कोणाच्या बापाला ऐकत नव्हती. गोळी गिळली की आ करायचा, जीभ उचलायची. हमाल असो की शाळेचा मास्तर, गालात गोळी दडवणाऱ्याची ती चारचौघांत अशी काही हजेरी घ्यायची, की पुन्हा त्याची छाती होत नसे.

सूट एकालाच होती, थोरल्या भावाला. तो गायनमंडळ चालवायचा. त्याने सूर लावला की अख्खी मंडळी उभी राहायची. ज्याचं बोट धरून आपण उपासनेला यायला शिकलो, त्याला ‘आ कर’ कोणत्या तोंडाने म्हणायचं? दादा आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायचा आणि ही गप्प बसायची.

त्या रविवारी दादा साक्ष द्यायला उभा राहिला. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं, आणि सांगून होईपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही, अगदी पाळकांनीही नाही, हा तिथला रिवाज. खोकला गेला, अंगावर मांस चढलं, भूक लागते, असं दादा सांगत होता. लोक डोळे पुसत होते. मावशीलाही भरून आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, की महिना झाला, त्याने गोळ्या बंद केल्यात. देवाने बरं केल्यावर वर गोळी खाणं म्हणजे त्याच्यावरच अविश्वास.

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. अर्धवट औषधाने दबलेला क्षय उलटला की साध्या गोळ्यांना दाद देत नाही, हे डॉक्टरांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. शिवाय समोरच्या बाकांवर तिचेच रोगी बसले होते. मास्तर तर मान डोलावत होता. उद्या त्या खोलीकडे चिटपाखरू फिरकणार नव्हतं.

तिने पाळकांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. म्हणजे सगळं हिच्याच गळ्यात.

ती उठली.

“दादा, गोळ्या सोडायला देवाने सांगितलं, की तूच ठरवलंस?”

दादा लालबुंद झाला. भर मंडळीत सख्ख्या भावाला खोटं पाडतेस का, असं त्याने विचारलं. मावशी म्हणाली, तू बरा झाला असशील तर सगळ्यांत जास्त आनंद मलाच होईल, पण आधी थुंकी तपासून घे; आणि तुझी भीड धरली, तेवढी मीही चुकलेच. मागून कोणीतरी तिला खाली बस म्हणालं. तिला रडू येत होतं, तरी ती बसली नाही.

तेव्हा बायकांच्या बाकावरून दादाची बायको उठली. तिच्या कडेवर नातू होता.

“बाळ रात्र रात्र खोकतंय,” वहिनी नवऱ्याकडे न बघता म्हणाली. “साक्ष होईपर्यंत कुणाला सांगू नको म्हणाले हे. म्हणून मी गप्प बसले.”

दादा धडपडत व्यासपीठावरून खाली उतरला. आजोबा दिसताच बाळाने दोन्ही हात पसरले. दादाने खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला आणि तो मागे सरला.